मोफत आणि दर्जेदार शिक्षणाची मोहीम: कामाचा क्रम चुकू देऊ नका

शिक्षणाच्या मागणीसाठी निघालेल्या मोहिमांमध्ये एकच चूक पुन्हापुन्हा दिसते: शेवटी करायचं काम आधी उरकलं जातं. आधी घोषणा ठरते, मग फलक रंगतात, मोर्चाची तारीख पडते, सह्यांचे कागद फिरतात. निवेदन कोणाच्या हातात द्यायचं, त्या माणसाकडून नेमकं काय हवं आहे आणि ते त्याच्या अधिकारात बसतं का, हे प्रश्न मोर्चाच्या आदल्या रात्री निघतात.

आमच्या पहिल्या मोहिमेत आम्ही चार महिने सह्या गोळा केल्या आणि गठ्ठे बांधून एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वरचं पान वाचलं आणि विचारलं, “यातलं कुठलं काम मी करायचं आहे?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. वर त्या वर्षाचा अर्थसंकल्प तीन आठवडे आधीच मंजूर झालेला. त्या कागदांवर अंगठा उमटवणाऱ्या आया होत्या. त्यांच्या विश्वासाचं आपण काय केलं, हा सल अजून जात नाही. म्हणून हा क्रम तपशिलात लिहून काढला आहे.

## टप्पा १: इच्छेचं मागणीत रूपांतर करा

‘प्रत्येक मुलाला चांगलं शिक्षण मिळालं पाहिजे’ ही इच्छा झाली. तिला कोणी नाही म्हणत नाही आणि तिच्यावर कोणी कामही करत नाही. मागणीत चार गोष्टी हव्यात: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि झालं हे कशावरून ओळखायचं. उदाहरणार्थ: ‘पुढच्या आर्थिक वर्षापासून प्राथमिक शाळांनी परीक्षा शुल्क घेऊ नये असा लेखी आदेश शिक्षण मंत्रालयाने काढावा आणि शाळांचं बुडणारं उत्पन्न पहिल्या सत्राच्या आत अनुदानातून भरून द्यावं.’

यातला अनुदानाचा भाग गाळू नका. शुल्क बंद झालं आणि अनुदान आलं नाही, तर शाळा तेच पैसे देणगी म्हणून मागू लागते. पालकाच्या खिशातून जायचे ते जातातच.

कायद्याबद्दल बोलताना तर वक्ते हमखास चुकतात. १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्यातलं कलम २६ सांगतं की शिक्षण निदान प्राथमिक टप्प्यावर मोफत असावं. १९६६ चा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार (कलम १३ आणि १४) आणि १९८९ चा बालहक्क करार (कलम २८) यांनी मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण हे सदस्य देशांवरचं बंधन केलं. माध्यमिक शिक्षणाबाबत करारांची भाषा सौम्य आहे. ते हळूहळू मोफत करत न्यावं, एवढंच त्यात आहे. प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही मोफत करण्याची गोष्ट संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत येते (लक्ष्य ४.१, मुदत २०३०). तिच्यासाठी केलेल्या कृती-आराखड्यात सरकारी खर्चाने १२ वर्षांच्या शालेय शिक्षणाचा उल्लेख आहे. हे सरकारांनी दिलेलं राजकीय वचन आहे. करारासारखं कायदेशीर बंधन त्याला नाही.

‘आंतरराष्ट्रीय कायद्याने बारावीपर्यंत मोफत शिक्षण दिलेलंच आहे’ असं व्यासपीठावरून म्हटलंत, तर समोरचा जाणकार ते एक वाक्य पकडून तुमचं सगळं निवेदन बाजूला सारू शकतो. कायद्यातली ही पोकळी भरण्याचे प्रयत्न सुरू आहेत: २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने बालहक्क कराराला जोडायच्या पूरक कराराचा विचार करण्यासाठी कार्यगट नेमला. पूर्वप्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणही मोफत व्हावं, हा त्याचा विषय.

तपासा: तुमच्या देशाने संबंधित कराराला मान्यता दिली आहे का? सही करणं वेगळं, मान्यता देणं वेगळं. अमेरिकेने बालहक्क करारावर सही केली, मान्यता मात्र अजून दिलेली नाही. आणि देशाचा स्वतःचा शिक्षण कायदा कराराच्याही पुढे गेलेला असेल, तर आधी त्याचाच आधार घ्या.

‘दर्जेदार’ हा शब्द असाच मोकळा सोडू नका. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९९ मध्ये शिक्षणाचा हक्क चार कसोट्यांवर मांडला: उपलब्धता, पोहोच, स्वीकारार्हता आणि अनुकूलता. साध्या भाषेत विचारायचं तर: शाळा आणि शिक्षक आहेत का? मुलाला तिथे पोचता येतं का, त्याला आत घेतात का? जे आणि जसं शिकवलं जातं ते त्याच्या उपयोगाचं आणि सन्मानाचं आहे का? अपंग, स्थलांतरित, वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलासाठी शाळा स्वतःत बदल करते का? तुमची मागणी यांपैकी कुठे बसते ते ठरवा. एका मोहिमेला एक मुख्य मागणी, फार तर दोन. चौदा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि विषय मिटल्याचं जाहीर होतं.

## टप्पा २: खर्चाची वही भरा

जगात २५ कोटींहून अधिक मुलं-मुली शाळेबाहेर आहेत, असे युनेस्कोचे अलीकडचे अंदाज आहेत. हा आकडा जरूर सांगा, पण फक्त त्याच्यावर मोहीम उभी राहत नाही. ‘आमच्याकडे सगळ्यांची नावं पटावर आहेत’ असं उत्तर येतं. त्यावर बोलायला स्वतःची माहिती हातात लागते.

कागदावर मोफत असलेलं शिक्षण घरात किती महाग पडतं, हे काढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे एक साधी वही. ३० कुटुंबं निवडा. शाळेत जाणाऱ्या मुलांची, मधेच शाळा सुटलेल्यांची आणि कधीच न गेलेल्यांची घरं त्यात यायला हवीत. प्रत्येक घरी तासभर बसा आणि वर्षभरातला एकेक खर्च विचारा: प्रवेशाच्या वेळी, परीक्षेच्या वेळी, गणवेश, बूट, वह्या, येणं-जाणं, शिकवणी, शाळेच्या दुरुस्तीची वर्गणी. ‘शाळेला किती खर्च येतो?’ असं एकदम विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही, शाळा मोफत आहे.’ एका बाईंनी मला आधी हेच सांगितलं. मग महिन्यामागून महिना विचारत गेलो तसं त्या आठवून सांगू लागल्या. वहीचं पान भरलं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, बेरजेवर बोट ठेवलं आणि धाकटीला घरी का ठेवलं ते हळू आवाजात सांगितलं. त्या बेरजेनेच आमची मागणी ठरवली.

पैशाखेरीज मुलाचा वेळही लिहून घ्या. पाणी आणणं, धाकट्यांना सांभाळणं, मजुरी. शाळेत जाताना जो वेळ सुटतो, तो घराच्या दृष्टीने खर्चच असतो.

त्यानंतर शाळेत जा, परवानगी घेऊन. पटावर किती आणि आज वर्गात किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. स्वच्छतागृह आहे की नाही, एवढं विचारून थांबू नका. दाराला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, आत पाणी येतं का, ते बघा. कुलूपबंद स्वच्छतागृहही अहवालात ‘उपलब्ध’ म्हणूनच मोजलं जातं. मोठ्या मुली कुठल्या वर्गापासून कमी होत जातात, ते पटावरून वर्गवार काढा.

शिकण्याची पडताळणीही हवी. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांना कोविड महामारीच्या आधीही साधा मजकूर वाचून समजत नव्हता. नंतर हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचा अंदाज २०२२ मध्ये आला. म्हणजे मूल वर्गात बसलं की काम संपलं, असं नाही. तुमच्याकडे एक सोपा उतारा असू द्या आणि मुलाला एकट्याला, निवांत वाचायला सांगा. चारचौघांत मुळीच नको. वाचता न आल्याची लाज त्या मुलाच्या वाट्याला यायला नको. ती चूक त्याची नाही.

सावधान: मुलांची नावं, घराचा पत्ता, ओळखता येईल असा फोटो वहीत किंवा अहवालात घेऊ नका. कुटुंबांना क्रमांक द्या. आणि ३० घरांवरून देशाची टक्केवारी काढू नका. ‘आम्ही भेटलेल्या ३० कुटुंबांपैकी २२ कुटुंबांना परीक्षा शुल्क द्यावं लागलं’ असं लिहिलं की ते खोडून काढता येत नाही. ‘७३ टक्के पालक शुल्क देतात’ असं लिहिलं की पहिल्याच प्रश्नाला पाय घसरतो.

## टप्पा ३: ‘मोफत’ आणि ‘दर्जेदार’ वेगळं होऊ देऊ नका

मालावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळांचं शुल्क रद्द केलं आणि पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून एकदम ३० लाखांच्या आसपास गेली. मुलांना शिकायचंच होतं, शुल्क आड येत होतं, हे त्यातून स्वच्छ दिसलं. पण वर्गखोल्या, पुस्तकं आणि प्रशिक्षित शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. एकेका वर्गात प्रचंड गर्दी झाली आणि आलेली कितीतरी मुलं पुढे गळाली.

शुल्क रद्द करू नये, असा अर्थ कोणी यातून काढू पाहील. त्याला तिथेच थांबवा. शुल्क रद्द करण्याच्या निर्णयासोबत खोल्या, शिक्षक आणि पुस्तकं यांची तरतूद त्याच कागदावर मागायची, हा त्यातला धडा आहे. तुमच्या परिसरात किती मुलं नव्याने येतील याचा अंदाज काढा, एका शिक्षकामागे किती मुलं हे ठरवा आणि किती शिक्षक लागतील ते मागणीतच लिहा.

## टप्पा ४: अर्थसंकल्प वाचायला शिका

इथे लोक घाबरतात आणि हा भाग ‘तज्ज्ञांवर’ सोडतात. खरं तर सुरुवातीला तीनच रकाने वाचता आले पाहिजेत: मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. तरतूद वाढल्याची बातमी होते. वर्षअखेरीस न खर्चलेला पैसा परत गेल्याची होत नाही. मागच्या तीन वर्षांचे हे रकाने शेजारीशेजारी मांडा. आकडे संकेतस्थळावर नसतील तर माहिती मागणारा अर्ज करा. शंभराहून अधिक देशांत त्यासाठी कायदा आहे.

शिक्षणावरच्या २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्यात देशांनी एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) निदान ४ ते ६ टक्के किंवा एकूण सरकारी खर्चाच्या निदान १५ ते २० टक्के शिक्षणावर खर्च करण्याचा मापदंड मान्य केला. हे दोन आकडे पाठच करा. पण टक्केवारीवर थांबणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक. शिक्षणासाठी काम करणाऱ्या संघटना चार प्रश्न एकत्र विचारतात: एकूण खर्चात शिक्षणाचा वाटा किती, मुळात सरकारी तिजोरीचा आकार किती, पैसा सर्वांत मागे पडलेल्या मुलांपर्यंत जातो का, आणि तो पोचला की नाही हे कोण तपासतं.

तिजोरीचा प्रश्न अनेकदा मोहिमेबाहेर राहतो. तिजोरी लहान असेल तर २० टक्के वाटाही अपुरा पडतो. मोठ्या कंपन्यांना दिलेल्या करसवलती आणि कर्जाचं ओझं हे विषय इथेच येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्य किंवा शिक्षणापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त खर्च करतं. ‘पैसे नाहीत’ हे उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न काय विचारायचा, ते आधीच लिहून ठेवा.

तपासा: तुमच्या मागणीला किती पैसा लागेल, हे एका ओळीत सांगता येतं का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ५: निर्णय घेणारा माणूस आणि त्याची तारीख शोधा

मागणी मान्य करण्याचा अधिकार कोणाच्या सहीत आहे? स्थानिक संस्था, प्रांत, केंद्र सरकार की संसद? शिक्षकांची भरती एकाच्या हातात, पैसा दुसऱ्याच्या, अभ्यासक्रम तिसऱ्याच्या, असं सर्रास असतं. कागदावर निर्णय घेणाऱ्याचं पद मधोमध लिहा आणि भोवती तो कोणाचं ऐकतो ते लिहा: सचिव, समितीचे सदस्य, पक्षातले सहकारी, वृत्तपत्रं, मतदार.

मग दिनदर्शिका घ्या आणि उलटं मोजा. अर्थसंकल्प सभागृहात येतो तो दिवस आपल्या उपयोगाचा नसतो. खात्यांनी मागण्या पाठवण्याची मुदत त्याच्या कित्येक महिने आधी संपते आणि तुमचं निवेदन त्या मुदतीच्या आधी पोचायला हवं.

२४ जानेवारीचा आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन, साधारण एप्रिलमध्ये येणारा जागतिक शिक्षण कृती सप्ताह, २० नोव्हेंबरचा जागतिक बालदिन हे लोकांचं लक्ष वेधायला चांगले. पण मोहिमेचा मुख्य दिवस त्यांच्यावरून ठरवू नका. तो निर्णयाच्या तारखेवरून ठरवा.

## टप्पा ६: सोबती जोडा, आणि अटी लिहून ठेवा

नवी संघटना काढण्याआधी देशात आधीपासून शिक्षण आघाडी आहे का ते शोधा. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन’शी अनेक देशांतल्या आघाड्या जोडलेल्या आहेत.

शिक्षकांना विरोधी पक्षात ढकलण्याची चूक वारंवार होते. वर्गात ७० मुलं असताना ‘शिक्षक शिकवत नाहीत’ असा फलक लावला की तुमचा सर्वांत जवळचा साक्षीदार गेला. त्यांना आधी भेटा, वही दाखवा, त्यांची बाजू तिच्यात लिहा. अपंग व्यक्तींच्या संघटना, बालमजुरीविरुद्ध काम करणारे, पालकांचे गट यांना मागणी ठरल्यावर नव्हे, ठरत असताना बोलवा.

एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या: मुख्य मागणी काय, माध्यमांशी कोण बोलणार, पैसा कुठून घ्यायचा नाही, तडजोड करायची तर कोणाला विचारून. हे पान नसलेल्या आघाड्या पहिल्या चर्चेच्या फेरीतच फुटतात.

मुलांचा सहभाग हवाच. बालहक्क कराराचं कलम १२ त्यांना आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. पण उन्हात फलक धरून उभं करणं हा सहभाग होत नाही. त्यांना बैठकीत बोलवा, त्यांना काय महत्त्वाचं वाटतं ते विचारा, त्यांची आणि पालकांची दोघांची संमती घ्या, आणि मधेच नको वाटलं तर बाजूला होण्याची मोकळीक द्या. आमच्या एका बैठकीत मोठी माणसं पुस्तकांवर बोलत होती. तेरा वर्षांच्या मुलीने हात वर केला आणि सांगितलं, “मला पुस्तकं आहेत. मला संध्याकाळचा परतीचा रस्ता नाही.” मागणीत येण्याजाण्याची सोय आली ती तिच्यामुळे.

## टप्पा ७: निवेदन, भेट आणि पोच

निवेदन एका पानाचं. वर मागणी, मग वहीतले तीन आकडे, मग कायद्याचा आधार, शेवटी खर्च आणि मुदत. बाकी सगळं जोडपत्रात. रडणाऱ्या मुलाचा फोटो नको; त्याने दया येते, आणि आपण हक्क मागत आहोत.

भेटीला तिघांनी जावं: एक आकडे मांडणारा, एक अनुभव सांगणारी पालक, एक फक्त टिपणं घेणारा. पंधरा मिनिटं मिळतील असं धरून तयारी करा आणि मागणी पहिल्या दोन मिनिटांत सांगा. ‘बघू’, ‘विचाराधीन आहे’ यावर उठू नका. ‘पुढचा कागद कोणाकडे जाईल आणि कोणत्या तारखेपर्यंत?’ असं नम्रपणे विचारा. निघताना शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. त्याच संध्याकाळी भेटीचं टिपण त्यांना लेखी पाठवा. पुढे माणूस बदलला तरी कागद बोलतो.

## टप्पा ८: आता रस्त्यावर या

सह्या, सभा, मोर्चा, सोशल मीडिया यांची वेळ ही. भेटीत दिलेली तारीख टळली की त्यांना धार येते. सह्यांच्या प्रत्येक पानावर पूर्ण मागणी छापलेली असू द्या. कोऱ्या पानावरच्या सह्यांना अर्थ राहत नाही. सभेची परवानगी, प्रथमोपचार, पाणी, मुलांना घरी पोचवण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्या. जिथे सरकारविरुद्ध बोलणं धोक्याचं आहे तिथे मुलांना आणि शिक्षकांना पुढे करू नका. निवेदन आघाडीच्या नावाने जाऊ द्या.

## टप्पा ९: देशाबाहेरचं दार

देशात दाद मिळत नसेल तर दोन मार्ग वापरण्याजोगे आहेत. बालहक्क करार मान्य केलेल्या देशांना संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढे ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो. त्या वेळी संघटनांना पर्यायी अहवाल देता येतो. दुसरा मार्ग म्हणजे मानवाधिकार परिषदेचा सार्वत्रिक आढावा, म्हणजे प्रत्येक देशातल्या मानवी हक्कांच्या स्थितीची ठरावीक काळाने होणारी तपासणी. त्यात प्रत्येक देशाची पाळी सुमारे साडेचार ते पाच वर्षांनी येते. संघटनांचं निवेदन काही महिने आधी जावं लागतं आणि एकट्या संघटनेसाठी २,८१५ शब्दांची मर्यादा असते. मर्यादा ओलांडली तर तुमची मेहनत वाया जाऊ शकते.

सावधान: तिथून आलेल्या शिफारशीने आपोआप काही बदलत नाही. ती छापून, भाषांतर करून टप्पा ५ मधल्या माणसाच्या टेबलावर ठेवायची, हे काम तुमचं.

## टप्पा १०: घोषणेनंतरचं वर्ष

मागणी मान्य झाल्याची घोषणा ऐकून आघाड्या पांगतात आणि हातात आलेलं इथेच निसटतं. घोषणेनंतर क्रमाने चार कागद मागा: लेखी आदेश, त्यासाठीची तरतूद, निधी वितरित झाल्याचं पत्र आणि शाळेला रक्कम मिळाल्याची नोंद. कुठला कागद अडला आहे ते कळलं की कोणाकडे जायचं तेही कळतं.

आणि वर्ष पूर्ण झालं की तीच वही घेऊन त्याच ३० घरी परत जा. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, जुन्या बेरजेशेजारी नवी बेरीज. मी त्या बाईंकडे गेलो तेव्हा परीक्षा शुल्काच्या रकान्यात शून्य लिहिता आलं. वर्गणीचा रकाना मात्र वाढलेला होता. धाकटी शाळेत गेलेली होती. आम्ही तिथेच बसून पुढच्या वर्षीच्या मागणीचं पहिलं वाक्य लिहिलं.